म्हातारीपुढची तीन शून्यं

१

म्हातारीला लुटलं सोमवारी सकाळी सव्वादहाला आणि मला बोलावणं आलं बुधवारी दुपारी. म्हणजे चोर घरी जाऊन, जेवून, दोनदा झोपून उठला असेल, आणि हे लोक 'तुम्ही फोन करा, नाही तुम्हीच करा' करत बसलेले. मला या गोष्टीचा भयंकर राग येतो. पण रागाला विचारतो कोण? चौकशीला बोलावतात ते सगळं उरकल्यावरच.

म्हातारी म्हणजे कुणी बाई नव्हे, सर्व्हर. त्या मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या थंडगार खोलीत सोळा वर्षं घुमत बसलेलं एक करडं, कपाटाएवढं मशीन. रक्ततपासणीचे सगळे निकाल तिच्या पोटात. सोमवारी बाहेरून कुणीतरी आत शिरलं आणि त्या निकालांना कुलूप घालून निघून गेलं. तेव्हापासून डॉक्टर कागदावर लिहीत होते, ऑपरेशनं पुढे ढकलली होती. मी आत आले तेव्हा रक्त काढायच्या खिडकीपुढे लोक दुसऱ्यांदा बाही वर करून उभे होते. एक आजीबाई शेजारणीला सांगत होत्या, "परवाचं हरवलं म्हणे यांनी. आता मी रोज रक्त कुठून आणू?"

ज्या भोकातून चोर शिरला, ते आमच्या संगणक-सुरक्षेच्या धंद्यात आठ महिन्यांपासून सगळ्यांना माहीत होतं. त्यावरचं ठिगळ, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांनी दिलेली दुरुस्ती, फुकट मिळत होतं. फक्त लावायचं होतं.

आणि ऐका! याच इस्पितळाने तीन महिन्यांपूर्वी असली भोकं शोधणारी तीन सॉफ्टवेअरं शेजारी शेजारी लावून बघितली होती. कुठलं घ्यावं ते ठरवायला. सहा आठवडे, एकशे चाळीस मशिनं, एक भलामोठा तक्ता. कंपन्यांची लांबलचक नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून ऑफिसात त्यांना घार, मुंगी आणि घुबड म्हणायचे. संगणक विभागाच्या साहेबांनी तो तक्ता माझ्यापुढे सरकवला आणि एकशे बाराव्या ओळीवर बोट ठेवलं. म्हातारीची ओळ. घार, शून्य. मुंगी, शून्य. घुबड, शून्य.

"तिघांनाही काही सापडलं नाही?" मी विचारलं.

"घुबडाला सापडलं होतं." साहेबांनी दुसरा कागद काढला. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलताना एक एक शब्द मोजून. "हेच भोक, लाल रंगात. पण त्यावर कुणीतरी 'दुर्लक्ष करावे' असं दाबलं, आणि दुर्लक्ष केलेलं तक्त्यात मोजलं जात नाही. नोंदीत नाव बघा."

नाव तक्ता करणाऱ्या मुलीचं होतं. ती काचेपलीकडे बसलेली दिसत होती. ऑफिसात तिला सगळे रकानेताई म्हणत, कारण तिला कुठलीही गोष्ट सांगितली की ती आधी रकाने आखायची.

"शुक्रवारी चार वाजता समिती बसतेय," साहेब म्हणाले. "तिला कामावरून काढायचं आणि पोलिसांत नाव द्यायचं. घुबडवाल्या विक्रेत्याशी तिचं फार गूळपीठ होतं. तुम्ही फक्त अहवालावर सही करा."

"एवढंच होतं तर मला कशाला बोलावलंत? सही गिरवायला तुमच्याकडे माणसं नाहीत?"

मी उठले आणि तिच्या टेबलापाशी गेले. खुर्ची ओढतेय तोवर ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "चौकशीवाल्या बाई ना तुम्ही? लिहून घ्या. मीच दाबलं."

२

एकतीस वर्षं मी हे काम करतेय. इतक्या पटकन कबूल होणारं माणूस मला आवडत नाही. मी वही बंद केली.

"आधी मला तुझी तीन जनावरं समजावून सांग," मी म्हटलं. "मी जुन्या काळातली बाई आहे."

असं म्हटलं की माणूस जरा सैल होतो. तीही झाली. सव्वीस वर्षांची, किरकोळ अंगाची, नखं कुरतडलेली. "घार लांबून बघते," ती सांगू लागली. "नेटवर्कवरून प्रत्येक मशिनच्या दारावर टकटक करते आणि काय उत्तर येतं त्यावरून भोकं ओळखते. मुंगी मशिनच्या आत जाऊन बसते. एक छोटा प्रोग्रॅम प्रत्येक मशिनमध्ये टाकावा लागतो. घुबडही टकटकच करतं, पण फार हळू, रात्रंदिवस. एक दार तपासायला त्याला अख्खा दिवस लागतो."

"यातलं चांगलं कोणतं?"

"तेच तर!" तिचे डोळे चमकले. "घार सगळ्यात जास्त भोकं दाखवते, पण त्यातली निम्मी नसतातच. नुसता आरडाओरडा. मुंगीचं खोटं निघत नाही, पण ती जिथे बसेल तिथलंच सांगणार. आकडे बघून निवडलं तर चूक होईल असं मी दोनदा म्हटलं होतं. पण साहेबांना शेवटी एकच आकडा हवा होता, कुणी किती शोधली."

हे बोलताना ती शहाणी, कामात बुडालेली पोर होती. मग मी विचारलं, "म्हातारीचं कधी दाबलंस?" आणि तिचा चेहरा दारासारखा बंद झाला.

"दुपारी. एक दहाला. नोंदीत आहे ना?"

"का?"

"खोटा इशारा वाटला."

"कुठल्या मशिनवरून?"

"माझ्याच. या इथल्या."

ती अजून कायमही झाली नव्हती. पोलिसांत नाव गेलं की आमच्या धंद्यात संपलंच. पुन्हा कुणी तिला सर्व्हरच्या खोलीच्या आसपास फिरकू देणार नाही. तिला हे माझ्याइतकंच माहीत होतं. आणि तरी ती माझ्या डोळ्यात डोळे घालून धडधडीत खोटं बोलत होती, कारण साहेबांनी दिलेल्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात मशिनचा नंबर होता. घुबड तिच्या मशिनवर कधी बसलंच नव्हतं.

३

घुबड बसलं होतं एका जुनाट लॅपटॉपवर. आणि तो होता तळमजल्यावर, अण्णांच्या खोलीत.

अण्णा म्हणजे सर्व्हर सांभाळणारे. उंच, वाकलेले, थंडीमुळे बारमाही स्वेटर घातलेले. मी गेले तेव्हा ते म्हातारीच्या जाळीवरची धूळ ब्रशने काढत होते, लेकराचे केस विंचरावेत तितक्या हळू. मशीन अजून चालूच होतं. पुराव्याची नक्कल पूर्ण होईपर्यंत बंद करायचं नाही, असा हुकूम होता.

"बसा बाई. शाल देऊ? इथे दहा मिनिटांत हाडं गोठतात."

शाल घेतली. माणूस मला आवडला, उगाच कशाला लपवू? मी घारीचा अहवाल उघडला. प्रत्येक मशिनपुढे लागलेला वेळ लिहिलेला होता. अकरा मिनिटं, नऊ मिनिटं, बारा मिनिटं. म्हातारीपुढे दोन सेकंद.

"अण्णा, घार म्हातारीच्या दाराशी दोनच सेकंद थांबली. असं कसं?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "मी दार लावून घेतलं होतं. पहिल्याच दिवशी घारीने असे दणादण धक्के मारले की म्हातारी चाळीस मिनिटं गप्प झाली. अतिदक्षता विभागातून फोनवर फोन. साहेब मला सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलले. मग मी फायरवॉलला, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्याला सांगून घारीला म्हातारीपुरती बंदी घातली. रुग्ण महत्त्वाचे की तक्ता?"

"आणि घारीने काय लिहिलं?"

"काही सापडलं नाही, असं." ते कसंनुसं हसले. "दार उघडलं नाही असं लिहायची सोयच नाही तिच्यात. मला हे आत्ता सोमवारी कळलं हो. शपथ सांगतो."

झालं, पहिलं शून्य हातात आलं. न बघता दिलेलं शून्य.

"मग घुबडाला कसं आत घेतलंत?"

"त्याचा लॅपटॉप इथेच, याच वायरवर. मधे फायरवॉल नाही. आणि ते बिचारं हळू वागतं."

लॅपटॉपच्या झाकणावर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. वर रकानेताईचं नाव, खाली पासवर्ड. मी कपाळाला हात लावला.

"चाचणीपुरतं एकाच माणसाचं खातं फुकट होतं," अण्णा म्हणाले. "म्हणून ताईच्या नावाने उघडलं आणि सगळ्यांनी वापरलं. मी, साहेब, तो घुबडवाला. तशी चिठ्ठी कुणीही वाचेल. या खोलीत लॅबच्या डॉक्टरीणबाईंपासून झाडूवाल्यापर्यंत अकरा माणसं येतात."

म्हणजे नोंदीतल्या नावाला काडीचा अर्थ नव्हता. मला हायसं वाटलं. उठता उठता सहज विचारलं, "म्हातारीला बंद करून पुन्हा चालू कधी केलं होतं?"

"सहा वर्षं झाली." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "दोन दिवस उठली नाही. मी इथेच जमिनीवर बसून होतो. पुढच्या महिन्यात सात तारखेला मला अठ्ठावन्न पूर्ण होतात बाई, पण ते दोन दिवस अजून माझ्या छातीवर आहेत."

४

गुरुवारी सकाळी साहेबांना गाठलं. मुंगीचं शून्य कुठून आलं ते मला हवं होतं, कारण मुंगी इतक्या जुन्या मशिनमध्ये बसूच शकत नाही. हे मला कंपनीच्या माहितीपत्रकातच मिळालं होतं, दुसऱ्या पानावर.

"रकाना रिकामा होता," साहेब म्हणाले. "रिकाम्या रकान्याने सरासरी निघत नाही. समितीपुढे जायचं तर तक्ता पूर्ण हवा."

"म्हणून तुम्ही शून्य टाकायला लावलंत."

"मी तक्ता पूर्ण करा म्हणालो. काय टाकायचं ते तिने ठरवलं."

दुसरं शून्य असं आलं. बसलीच नाही त्या मुंगीचं. मला वाटलं, आता पकडला याला, घुबडाचं दाबणंही याचंच. पण त्या आठवड्यात साहेब परिषदेला परदेशी होते. पासपोर्टवरचा शिक्का त्यांनी न मागता दाखवला. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग घुबडवाला. हा आला तोच पेन, डायरी आणि तोंडभर हसू घेऊन. "मॅडम, स्वतःच्याच सॉफ्टवेअरने पकडलेलं भोक मी कशाला झाकू? ते दिसलं असतं तर तेव्हाच ऑर्डर मिळाली असती मला!"

बोलणं बरोबर होतं. "त्या दिवशी दुपारी एक दहाला कुठे होतात?"

त्याने डायरी चाळली. "इथेच, वरच्या काचेच्या खोलीत. तुमच्या रकानेताईंसमोर. साडेबारा ते दोन. भेट देणाऱ्यांच्या वहीत माझी सही आहे. काय सोलून काढलं हो बाईंनी मला! खोटे इशारे किती, अपडेट किती दिवसांनी, मशीन बंद पडलं तर जबाबदारी कुणाची. पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. मधे एकदा माझ्या पाठीमागे कुणीतरी काचेबाहेर चहाचं विचारायला आलं असावं, बाईंनी मानेनेच हो म्हटलं. पण चहा काही शेवटपर्यंत आला नाही!"

तो स्वतःच्या विनोदावर हसला. मीही हसले, कारण माझं काम झालं होतं. वही तपासली, सही होती. काचेच्या खोलीतून तळमजल्यापर्यंत दोन जिने. एक वाजून दहा मिनिटांनी ती मुलगी वर होती, साक्षीदारासमोर.

मी जवळजवळ पळतच तिच्याकडे गेले. ती जिन्यात उभी होती. "अगं वेडे, तू दाबलंच नाहीस! मला पुरावा मिळालाय."

माणूस सुटलं की त्याचा चेहरा उजळतो. ही पांढरीफटक पडली. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "बाई, पाया पडते तुमच्या. इथेच थांबा."

५

मी थांबले नाही. थांबायला हवं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

ती कुणाला तरी पाठीशी घालत होती, एवढं शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण कुणाला? अकरा माणसं त्या खोलीत येत होती. शुक्रवारी सकाळी मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या चहा पीत तोच कागद पुन्हा बघत होते. घुबडाला एखादा इशारा दडपायला सांगितला की ते विचारतं, किती दिवस दडपू? तीस, साठ, नव्वद, असे तयार पर्याय असतात. त्यातलं काही न निवडता कुणीतरी स्वतःच्या हाताने तारीख लिहिली होती. एकशे सदतीस दिवसांनंतरची. पुढच्या महिन्याची एकतीस.

"एकतीस तारखेला काय असतं हो?" मी आमच्या ह्यांना विचारलं.

हे निवृत्त होऊन वर्ष झालंय, पण हिशेब अजून ऑफिसचेच. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "महिन्याचा शेवट. निरोप समारंभ. माझा वाढदिवस बारा तारखेचा, पण घरी पाठवलं ते महिनाअखेरीलाच ना? ते वरचे अडीच आठवडे कसे काढले ते माझं मला माहीत. रोज देवाला म्हणायचो, माझ्या हातून आता काही बिघडू देऊ नकोस."

कपबशी माझ्या हातातून सुटली. सात तारखेला अठ्ठावन्न पूर्ण, त्याच महिन्याच्या एकतीसला निरोप. ही तारीख जगात एकाच माणसाच्या कॅलेंडरवर होती.

"काय झालं गं?" हे उठले.

"काही नाही. मला एक माणूस आवडला होता, त्याची वाट लावायचीय."

तळमजल्यावर गेले तेव्हा अण्णा स्टुलावर बसून होते. मी तारखेवर बोट ठेवलं. त्यांनी नाकारलं नाही, रडलेही नाहीत.

"ठिगळ लावलं की म्हातारीला बंद करून चालू करावं लागतं," ते म्हणाले. "त्याशिवाय लागत नाही. आणि ती उठली नसती तर? या मशिनची माहिती असलेलं दुसरं कुणी नाही. मशीन बनवणारी कंपनी बुडाली, सुटे भाग मिळत नाहीत. नवीन मशीन मागून मागून थकलो. साहेब म्हणतात, पुढच्या वर्षी. मी एवढंच म्हटलं, मी असेपर्यंत राहू दे. मी गेल्यावर जो येईल तो करेल. चोराचा विचार मनात आला नाही हो. मला फक्त ती उठायची नाही याची भीती होती."

"आणि त्या पोरीचं नाव लागतंय हे कळल्यावर?"

"सोमवारीच तिला म्हटलं, मी जाऊन सांगतो. ती म्हणाली, अण्णा, तुम्ही सांगितलंत तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही. एकतीस वर्षं झालीत तुमची, हसून बाहेर पडा." त्यांनी चष्मा पुसला. "दुसरीकडे काम मिळेल मला, असं म्हणाली. मला खरं माहीत होतं, आणि तरी मी गप्प बसलो. लिहा बाई. ताईचा यात काही संबंध नाही, हेही लिहा."

मी लिहिलं, ठळक अक्षरात.

६

समितीची खोली तिसऱ्या मजल्यावर. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, मधोमध अध्यक्षबाई. त्या डॉक्टर, दोन तासांनी त्यांना ऑपरेशनला जायचं होतं आणि ते सगळ्यांना जाणवत होतं. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला रकानेताई आणि अण्णा.

मी तिन्ही शून्यं एकेक करून मांडली. घारीला दार बंद होतं. मुंगी आत बसलीच नव्हती. घुबडाने बघितलं होतं, पण त्याचं तोंड दाबलं. "तक्त्यात तिघांची शून्यं सारखी दिसतात," मी म्हणाले. "एक न बघितल्याचं, एक न गेल्याचं, एक झाकल्याचं. भोक नाही म्हणून आलेलं शून्य यात एकही नाही. तुम्ही तीन सॉफ्टवेअरांची तुलना केलीच नाही. रिकाम्या जागा भरल्या. आणि भरायला लावल्या ते यांनी." मी साहेबांकडे हात केला.

"लेखी दाखवा," साहेब म्हणाले.

लेखी कुठून असणार? तोंडी सांगायचं आणि नंतर तोंड फिरवायचं, यात हा माणूस मुरलेला होता. मी रकानेताईकडे बघितलं. तिने नकारार्थी मान हलवली.

"फायरवॉलची बंदीही माझ्या परवानगीशिवाय," साहेबांनी शांतपणे जोडलं. अध्यक्षबाईंनी घड्याळ बघितलं.

मग मी तारीख सांगितली. अण्णा उठून उभे राहिले. "खरं आहे. मी दाबलं. ताईंच्या नावाने खातं होतं एवढंच."

"आणि ती त्या वेळी दोन मजले वर होती," मी घाईने म्हणाले. "साक्षीदार आहे, वहीत सही आहे. हिला सोडा. हिने काही केलेलं नाही."

मला वाटलं, संपलं. निदान एक तरी वाचलं.

"चहा नव्हता तो," रकानेताई म्हणाली.

खोलीत कुणाला काही कळलं नाही. मला कळलं.

"घुबडवाल्यांनी तुम्हाला चहाचं सांगितलं असेल ना? त्यांना तेव्हा तसंच वाटलं होतं. अण्णा लॅपटॉप घेऊन काचेबाहेर आले होते. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. लाल ओळ होती, म्हातारीचं नाव होतं. त्यांनी हाताने विचारलं, हे राहू दे का? मी वाचलं, बाई. नीट वाचलं. खरं भोक आहे हे मला कळलं. उठून बाहेर जायला हवं होतं. पण मला वाटलं, अण्णा म्हणतायत म्हणजे तसंच असेल. आणि मी मानेनेच हो म्हटलं. मग ते खाली गेले आणि दाबलं."

"ताई, गप्प बस," अण्णा म्हणाले.

"तुम्ही एकटे कसे जाल?" ती त्यांच्यावर ओरडली. मग रडायला लागली, मोठ्याने, लहान मुलीसारखी. "आधी मी एकटी जाणार होते ना? तेवढं ठरलं होतं ना आपलं?"

अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलं. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांच्या वॉर्डात लोक ताटकळले होते आणि त्यांना उत्तर द्यायचं होतं. "म्हणजे दोघंही," त्या म्हणाल्या. "निरोप नाही, काही नाही. आजपासूनच. पोलिसांना दोघांची नावं कळवा."

मी उठून बोलले, खूप बोलले. साहेबांचं नाव घेतलं, नव्या मशिनची मागणी किती वेळा फेटाळली ते सांगितलं, नुसते आकडे बघून निवडू नका असं त्या पोरीने आधीच दोनदा सावध केलं होतं ते सांगितलं. सगळे ऐकून घेत होते. ऐकून घेणं आणि ऐकणं यातला फरक मला चांगला कळतो. शेवटी साहेब म्हणाले, "या बाईंच्या अहवालातून एक चांगली गोष्ट पुढे आली. घुबड सर्वांत भरवशाचं आहे. आपण तेच घेऊ." आणि ते लगेच मंजूर झालं.

७

साडेपाचला मी शाल परत करायला तळमजल्यावर गेले. शाल हे निमित्त. मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं आणि काय ते सुचत नव्हतं.

रकानेताई तिथेच होती, कोपऱ्यात जमिनीवर, गुडघे पोटाशी घेऊन. तिची पिशवी शेजारी. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "तुम्ही फार हुशार आहात, बाई." त्यात कडवटपणा असता तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती दमली होती.

"मला तुला वाचवायचं होतं गं."

"माहीत आहे."

एवढ्यात साहेब आले. दारातच उभे राहिले, आत थंडी म्हणून की लाज म्हणून, देव जाणे. "अण्णा, पुराव्याची नक्कल झालीय. ठिगळ आत्ताच लावायचंय, उद्या सकाळी राखीव प्रतीतून निकाल परत चढवायचे आहेत. दुसऱ्या कुणाला ते मशीन माहीत नाही. जायच्या आधी तेवढं..."

"लाज नाही वाटत?" मी म्हणाले. स्पष्टच म्हणाले.

"असू द्या बाई," अण्णा म्हणाले. "रुग्ण आहेत."

त्यांनी स्टूल ओढलं. ठिगळ चढवलं, दोनदा तपासलं. मग मागच्या बटणापाशी हात नेला आणि तो तिथेच थांबला. रकानेताई उठली, त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, पण तिने हात लावला नाही. अण्णांनी डोळे मिटले आणि बटण दाबलं.

खोली शांत झाली. सोळा वर्षांची ती घुमणारी घरघर थांबली आणि आपण केव्हापासून ती ऐकत होतो ते कळलं. अण्णा जमिनीवर बसले. म्हणाले, "झालं. आता दोन दिवस."

मग आत कुठेतरी टक् झालं. पंखे फिरले. पडद्यावर अक्षरं धावायला लागली, एकामागून एक, कुठेही न अडखळता. शेवटच्या ओळीवर आत येणाऱ्याचं नाव विचारत म्हातारी थांबली, अगदी तयार.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "चार मिनिटं," ते म्हणाले, आणि समाधानाने वर निघून गेले.

अण्णा जमिनीवरून उठले नाहीत. "चार मिनिटं," त्यांनी पडद्याला म्हटलं. मग रकानेताईकडे वळले. "ताई, चारच मिनिटं लागली गं."

ती त्यांच्याजवळ बसली आणि त्यांचा हात हातात घेतला. मला तिथे उभं राहवेना आणि निघवेनाही. मी सवयीने वही काढून वेळ लिहिली, पाच वाजून एकेचाळीस मिनिटं. अहवाल तर दुपारीच देऊन झाला होता.